गाडी झटके का देते आणि आपण पैसे कशाचे मोजतो

जुनी गाडी पिकअप घेताना झटके द्यायला लागली की घरातला प्रत्येक माणूस निदान करून मोकळा होतो. मेव्हणा म्हणतो प्लग गेले. शेजारी म्हणतो पेट्रोलात भेसळ आहे. मशिदीबाहेर भेटलेला कुणी म्हणतो, विकून टाका, आता हिच्यात दम नाही. आणि गॅरेजवाला म्हणतो, ठेवून जा, बघतो. संध्याकाळी बिल हातात येतं तेव्हा त्यात प्लगचा सेट असतो, फ्युएल फिल्टर असतो, थ्रॉटल सफाई असते, एखादा सेन्सरही असतो. एवढं सगळं बदलल्यावर झटके थांबतात किंवा थांबत नाहीत. थांबले तरी ते नेमके कशाने थांबले हे गाडीवाल्याला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा मिस्त्रीलाही कळलेलं नसतं.

याला दुरुस्ती म्हणायला माझी तयारी नाही. हा गिऱ्हाइकाच्या खर्चाने लावलेला अंदाज आहे. मात्र त्याचा सगळा दोष मिस्त्रीच्या डोक्यावर टाकायलाही मी तयार नाही, कारण हा कारभार आपण गिऱ्हाइकांनीच उभा केला आहे. तो कसा, ते पुढे सांगतो. आधी गाडीकडे बघू.

आपल्याकडे जुनी गाडी म्हणजे दहा ते अठरा वर्षं वयाची, दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातातली, पेट्रोलवर चालणारी लहान गाडी. बऱ्याचदा मागे सीएनजीची टाकी बसवलेली. ही हौसेची गाडी नसते. अम्मीला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला, बहिणीला माहेरी आणायला, दुकानाचा माल भरायला ती घेतलेली असते. अशा घरात पाच हजारांचं नको असलेलं बिल म्हणजे एका मुलाची फी पुढे ढकलणं. म्हणून निदान नीट व्हायला हवं, आणि त्याचा पहिला अर्धा भाग गाडी चालवणाऱ्यालाच करता येतो. त्यासाठी पाना हातात घ्यावा लागत नाही.

आवाजाचं घ्या. गाडी आवाज करते एवढं सांगून कुणालाच काही समजत नाही. पहिला प्रश्न असा, की आवाज इंजिनाच्या फिरण्याबरोबर वाढतो की चाकांच्या? गाडी उभी करा, न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि ॲक्सिलरेटर दाबा. तोच आवाज उभ्या गाडीत आला तर तो इंजिनाचा किंवा इंजिनाला जोडलेल्या पट्ट्याबिट्ट्यांचा, सायलेन्सरचा. उभ्या गाडीत येत नसेल आणि चालताना येत असेल तर चाकं, बेअरिंग, एक्सल, गिअरबॉक्स यांच्याकडे बघायचं. एवढ्या एका मिनिटात अर्धी गाडी संशयितांच्या यादीतून बाहेर पडते. गॅरेजात हे मिनिट वाचवलं जातं आणि मग तीन तास जातात.

पुढे प्रत्येक आवाजाची आपापली वेळ असते. सकाळी थंड इंजिन चालू करताच किंचाळल्यासारखा आवाज आला आणि दोन मिनिटांनी विरला तर बहुतेक बेल्ट सैल किंवा झिजलेला आहे. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी वळताना टक-टक-टक आली तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट; खाली वाकून त्याचं रबरी बूट फाटलंय का बघा, ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसेल. ताशी चाळीसच्या पुढे विमानासारखी घरघर सुरू होते, गिअर बदलला तरी ती बदलत नाही, आणि रस्त्याच्या हलक्या वळणावर कमी-जास्त होते, तर चाकाचं बेअरिंग. खड्ड्यातून जाताना खट् होतं ते लिंक रॉड, लोअर आर्मचं बुश किंवा शॉकअपच्या वरचं माउंटिंग. चढावर, जास्त गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर दाबल्यावर काचेच्या गोट्या हलवल्यासारखा आवाज आला तर ते नॉकिंग. इंधन अवेळी पेटतंय. आणि ब्रेक दाबताना लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज, किंवा ऑइलचा लाल दिवा लागून इंजिनातून ठोके, या दोन प्रसंगांत निदान-बिदान काही करायचं नाही, गाडी जागच्या जागी बंद करायची.

पूर्वीचे मिस्त्री लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायचे. डॉक्टरच्या नळीसारखंच ते काम करतं. आजही करतं. एका जागी आवाज मंद, चार इंच बाजूला स्पष्ट, की कळलं अल्टरनेटरचं बेअरिंग बोलतंय की वॉटर पंपाचं. मी हे एका वयस्कर मिस्त्रींकडे पाहिलं आहे. ते बॉनेट उघडण्याआधी गिऱ्हाइकाला शेजारी बसवायचे आणि म्हणायचे, "पहिले मेरेको चला के दिखाओ, कब होता वो." गाडी कधी बिघडते हे कळल्याशिवाय ती का बिघडते हे शोधायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

झटक्यांचंही तसंच आहे. ते कधी येतात? थंड असताना की गरम झाल्यावर? पहिल्या गिअरमध्ये उठतानाच की साठच्या वेगाला? चढावर की सपाटीला? फक्त पावसात का? ही उत्तरं कागदावर लिहून नेली तर चांगल्या मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचतो.

भार आला की झटके, म्हणजे चार माणसं बसवून घाट चढताना, आणि सपाट रस्त्यावर हळू चालवताना काही नाही, असं असेल तर आधी स्पार्ककडे बघावं. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. थकलेली कॉइल, चिरलेली प्लग वायर किंवा फट वाढलेला प्लग निवांत असताना काम भागवतात आणि नेमके घाटात दगा देतात. पावसाळ्यात हे जास्त होतं, कारण ओलाव्यातून वीज गळते. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर फुकटात होणारी एक तपासणी आहे: संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावायची. बिघाड तिच्याबरोबर तिकडे गेला तर कॉइल खराब. नाही गेला तर कॉइलचे पैसे वाचले. दहा मिनिटांचं काम, पण ते न करता नवीन कॉइल विकणारे किती तरी आहेत.

इंधनाची कमतरता वेगळी दिसते. गाडी सुरुवातीला नीट उठते, मग वेग धरताना गुदमरते, ॲक्सिलरेटर दाबलेलाच असतो आणि ओढ मात्र निघून जाते, पाय सैल केला की पुन्हा जीव येतो. फिल्टर तुंबलाय किंवा टाकीतला पंप थकलाय. इथे प्रेशर गेज लावून आकडा बघणं हा एकच सरळ मार्ग आहे. ते गेज फार महाग नसतं, तरी ते नसलेली गॅरेजं मी मोजू शकणार नाही इतकी आहेत. सीएनजीवर चालणारी गाडी असेल तर आणखी सोपं. बटण दाबून पेट्रोलवर घ्या. पेट्रोलवर झटके गेले तर गॅसचा फिल्टर, रिड्यूसर किंवा पुन्हा प्लगच, कारण गॅस पेटवायला ठिणगी जास्त कडक लागते. पेट्रोलवर चालून जाणारा प्लग गॅसवर नापास होतो. दोन्हींवर सारखेच झटके असतील तर गॅसच्या किटला शिव्या देऊ नका.

काही झटके इंजिनाचे नसतातच. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला-ठेवला की धप् असा धक्का बसतो, तो इंजिन माउंटिंगचा असतो. गॅरेजात त्याला फाउंडेशन म्हणतात. पहिल्या गिअरमध्ये गाडी उठताना थरथरते ती क्लचमुळे. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे सरकत नाही, ती क्लच प्लेट घसरत असते. या तिन्ही रोगांवर लोकांनी प्लग बदललेले मी पाहिले आहेत.

आता स्कॅनरबद्दल. 2000 सालाच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर गेले, इंजेक्टर आणि संगणक आले. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीचा कार्ब्युरेटर जो माणूस एका स्क्रूवर कानाने जुळवायचा, त्याच्या हातात अचानक असं इंजिन आलं ज्यात जुळवायला स्क्रूच नाही. त्यातून दोन जाती तयार झाल्या. एक, स्कॅनरला हात न लावणारे जुने उस्ताद. दुसरी, स्कॅनरशिवाय काहीच न सुचणारी नवी पोरं. दोघांचंही मला पटत नाही.

स्कॅनर जोडला आणि पी ०३०२ असा कोड आला, तर त्याचा अर्थ दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, एवढाच. का पेटत नाही हे तो सांगत नाही. प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल, व्हॉल्व्ह गळून कॉम्प्रेशन गेलेलं असेल. पी ०१७१ आला तर मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे. त्यावर सरळ ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगणारे भेटतात. बिचारा सेन्सर तर बातमी देतोय. बातमी देणाऱ्यालाच बदलायचं! खरा बिघाड अनेकदा एका चिरलेल्या व्हॅक्यूम नळीत असतो, आणि शांत जागी बॉनेट उघडून कान लावला तर तिथली सूंऽऽ ऐकू येते. म्हणजे स्कॅनरने गल्ली दाखवावी आणि कानाने घर शोधावं. दोन्ही येणारा माणूस आज दुर्मीळ आहे आणि त्याला त्याचे पैसे मिळत नाहीत.

इथे मी सुरुवातीच्या मुद्द्यावर येतो. डॉक्टरने तपासून काही गोळ्या दिल्या नाहीत तरी आपण त्याची फी देतो. मिस्त्रीने तासभर गाडी फिरवली, नळी शोधली, दोन इंच कापून पुन्हा बसवली आणि पाचशे रुपये मागितले तर आपण म्हणतो, "काय केलंस रे? काहीच तर बदललं नाहीस!" त्याच माणसाने अडीच हजारांचा सेन्सर बदलला असता तर आपण जुना सेन्सर पिशवीत घेऊन, समाधानाने पैसे दिले असते. आपण सुट्या भागाचे पैसे मोजतो, अकलेचे मोजत नाही. मग गॅरेजवाला सुटे भाग विकायला शिकतो. त्याचं पोट त्या पार्टच्या कमिशनवर चालतं, आणि बरोबर निदान केलं की त्याचं नुकसान होतं. अशा व्यवस्थेत प्रामाणिक राहायला सांगणं म्हणजे त्याला रोज थोडं उपाशी राहायला सांगणं आहे.

याचा अर्थ फसवणूक माफ, असा नाही. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओला भाग बाहेर काढणाऱ्या पैगंबरांचा प्रसंग आपण जुम्म्याच्या खुतब्यात वर्षानुवर्षं ऐकतो. पावसाने भिजलं, असं व्यापारी म्हणाला. त्यावर, मग ओलं वर का ठेवलं नाहीस, असं त्याला विचारलं गेलं. हा प्रसंग ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर दुसरा कुणी व्यापारी असतो. जुनी गाडी विकताना इंजिनात जाड ऑइल आणि वरून आवाज दाबणारं औषध ओततात, टॅपेटची टिकटिक आणि निळा धूर महिनाभर गप्प बसतो, गाडी विकली जाते. मीटर मागे फिरवतात. अपघातात वाकलेली चासी डेंटिंग-पेंटिंगखाली झाकतात. ही ओल्या धान्याचीच रास आहे, आणि हे करणाऱ्यांत पाच वक्ताचे नमाजीही आहेत. हलालचा विचार आपण ताटापुरता ठेवला आहे. मटण कुठून आणलं हे विचारणारा माणूस, गाडी कशी विकली हे स्वतःला विचारत नाही. ज्या गिऱ्हाइकाने ती घेतली त्याची अम्मी दवाखान्यात पोचण्याआधी घाटात अडकणार आहे, हे त्याच्या हिशेबात येतच नाही.

गाडी घेणाऱ्याने म्हणून एक करावं. इंजिन थंड असतानाच बघायला जावं. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर बॉनेटला हात लावल्यावर कळतं, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणावं.

जुन्या गाड्यांच्या झटक्यांत एक नवं कारण अलीकडे मिसळलं आहे, ते पेट्रोलचं. देशात 20 टक्के इथेनॉलचं मिश्रण 2025 मध्ये पंपापंपावर पोचलं. आपल्या महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांचा त्यात मोठा वाटा आहे आणि ऊसवाल्याला चार पैसे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गाड्या या इंधनासाठी बनवलेल्या नव्हत्या. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, जुन्या रबरी नळ्या आणि सील त्याने खराब होऊ शकतात, आणि टाकीच्या तळाशी साचलेली घाण सुटून फिल्टरमध्ये येते. त्याची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच अशा जुन्या चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्के घटेल असं म्हटलं होतं. म्हणजे श्रीमंताच्या नव्या गाडीला फरक पडत नाही आणि गरिबाच्या जुन्या गाडीचा फिल्टर तुंबतो. पंपावर निवड मात्र दोघांनाही नाही. पंधरा वर्षांनंतर पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर, भंगारात काढण्याचं धोरण, हे सगळंही त्याच गाडीवर येऊन पडतं. धूर कमी व्हावा हे मला मान्य आहे. पण नीट निदान झालेली आणि नीट जळणारी जुनी गाडी कमी धूर सोडते, हे सरकारच्या कुठल्याच योजनेत का येत नाही? गॅरेजवाल्याला शिकवण्यावर खर्च केला तर तोही प्रदूषणावरचाच खर्च असतो.

आणि हा गॅरेजवाला कोण आहे? महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या बसस्टँडमागे जा. रेडिएटर, बॅटरी, वायरिंग, डेंटिंग, सीटकव्हर, काच. पाट्या वाचा. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुसलमान मोठ्या प्रमाणावर स्वयंरोजगारात आहेत आणि वाहनदुरुस्ती हा त्यातला एक ठळक धंदा आहे हे नोंदवलं होतं. रात्री अकराला घाटात गाडी बंद पडल्यावर मिस्त्रीचं नाव कुणी विचारत नाही, असं भावुक वाक्य यावर हमखास टाकलं जातं. मला ते आवडत नाही. दिवसा दुपारीही त्याचं नाव अडचण होऊ नये. अडलेल्याच्या गरजेवर त्याची इज्जत अवलंबून का असावी?

पण बाहेरच्यांना बोलून झालं की घरात बघावं लागतं. आपले लोक अल-जझरीचे फॉरवर्ड मोठ्या अभिमानाने पाठवतात. अभिमान योग्यच आहे. दियारबकरच्या अर्तुकी दरबारात पंचवीसेक वर्षं काम केलेल्या या माणसाने 1206 साली यंत्रांवरचा आपला ग्रंथ पुरा केला. फिरत्या गतीची पुढे-मागे गतीत अदलाबदल करणारा दांडा त्याच्या पाण्याच्या पंपात आहे, आणि आपल्या गाडीचा क्रँक तेच काम उलट दिशेने करतो. पण तो माणूस मुळात कारागीर होता, हाताने करून बघणारा. आज तो आपल्या मोहल्ल्यात असता तर त्याला मुलगी द्यायला आपण नाक मुरडलं असतं. काळे हात, काळी नखं, "गॅरेजमें काम करता." डॉक्टर-इंजिनीअरच्या शर्यतीत मागे पडलेला, आठवीत शाळा सुटलेला पोरगा आपण गॅरेजात सोडतो, जणू ती शिक्षा आहे. उस्ताद त्याला दोन वर्षं चहा आणायला आणि चाकं खोलायला लावतो. हात तयार होतो, कानही तयार होतो. मात्र वायरिंगची आकृती वाचता येत नाही, मल्टीमीटरवरचा व्होल्टेजचा आकडा काय सांगतो ते कळत नाही, आणि स्कॅनरवरचं इंग्रजी वाक्य तो चित्रासारखं ओळखतो. नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपात जाणार, विजेवर चालणाऱ्या गाड्यांत प्लग, फिल्टर, सायलेन्सर काहीच नसणार. पुढच्या पंधरा वर्षांत या पोराकडे फक्त आजच्या जुन्या गाड्या उरतील, आणि त्याही कमी होत जातील.

आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा कोर्स आहे, पण त्याला दहावी लागते. म्हणून आठवीत पोरगं गॅरेजात पाठवणाऱ्या बापाला माझं म्हणणं आहे, दोन वर्षं थांबा, गॅरेज कुठे पळून जात नाही. जे आधीच कामाला लागलेत त्यांना रात्रशाळेतून किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी करता येते. शाळेबाहेर शिकलेलं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत होती. ती किती उस्तादांपर्यंत पोचली ते तुमच्या गावच्या पाच गॅरेजांत विचारून बघा.

परिचयातल्या एका तरुण मिस्त्रीला मी म्हटलं, दारावर पाटी लाव: तपासणी तीनशे रुपये, काम इथेच केलं तर त्यातून वजा. तो हसला. म्हणाला, पाटी वाचून गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जाईल, तिथे तपासणी फुकट आहे आणि प्लग साडेबाराशेचे. त्याचं खरं होतं. अशी पाटी एकट्याने लावून चालणार नाही, गावातल्या सगळ्या गॅरेजवाल्यांनी एकदम लावावी लागेल. जमात-पंचायतीला एरवी लग्नातल्या डीजेवर ठराव करता येतो, हाही करता येईल.

तोवर एक छोटं काम आहे. बहुतेक गावांत मशिदीच्या ट्रस्टचा हॉल असतो आणि शुक्रवारी गॅरेजं दुपारनंतर तशीही ढिली असतात. असर ते मगरिब एक तास, आठवड्यातून एकदा. आयटीआयचा एखादा निवृत्त मास्तर, मग तो कुठल्याही धर्माचा असो, आणि एक जुनं इंजिन. पहिल्या महिन्यात फक्त मल्टीमीटर आणि वायरिंगची आकृती, मराठीतून. पाच-सहा पोरं आली तरी पुरे. मल्टीमीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो.